अकराव्या नंबरचा जावई

“गुरुजी, हैदराबादेत तुमच्या वळखीचं कोणी हाय का हो?”

शेजारच्या वहिनींनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून असं विचारलं, की समजावं, कुठून तरी स्थळ आलेलं आहे. नळ यायचा दिवस होता. परभणीत नळाच्या दिवशी गल्लीतलं माणूस घर सोडत नाही, आणि पाण्याची वाट बघत अंगणात उभं राहण्याइतकी गप्पांना पोषक अवस्था दुसरी नाही. पाइप हौदात सोडून मी मोकळाच होतो.

स्थळ त्यांच्या भाचीसाठी होतं. मुलगा मूळ सेलूकडचा, हैदराबादला कंपनीत, पगार बरा, आईवडील शांत, घरी थोडी बागायत. पत्रिकासुद्धा जुळली होती.

“मग अडलं कुठं?”

“त्या छंदात अडलं,” वहिनींनी आवाज उतरवला, म्हणजे फक्त तीन घरांना ऐकू जाईल इतका. “वाचन लिवावं, गाणी ऐकणं लिवावं. ह्यानं काय लिवलंय, तर शिडाची होडी. दर रविवारी तिथल्या हुसेनसागर तळ्यावर जाऊन होडी चालवायलाय म्हणे पोरगं.”

“भाड्यानं?”

“भाड्यानं असती तर चार पैसे तरी भेटले असते! पदरचे घालून चालवायलाय. वरून शर्यतीला जायलाय. ह्या क्लबाची त्या क्लबाशी शर्यत. आमच्या ह्यांनी फोनवर इचारलं, नंबर येतो का? तर म्हणे येतो की, अकरावा. किती जण होते? तर चौदा. आन् हे हसत हसत सांगायलाय, गुरुजी! आमच्या घरात कोणी अकरावा आला असता तर चार दिवस तोंड दाखवलं नसतं.”

मी काय बोलणार. आपल्याकडे होडी म्हणजे पुराच्या बातम्यांत दिसते ती. पण तेवढ्यात मागच्या घरातले सुभेदार बादली घेऊन आले. खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन परभणीत आले तरी पहाटे उठून अंगण झाडायची शिस्त सुटलेली नाही. फौजेतल्या गोष्टी सांगायचा त्यांना सोस आहे आणि गल्लीला त्या पाठ आहेत. ही एक मात्र आम्ही कधी ऐकली नव्हती.

“चौदात अकरावा?” सुभेदार म्हणाले. “मग पोरगा चांगला आहे. बोलणी पुढे न्या.”

“का हो भाऊजी? चौदात अकरावा म्हणजे चांगला, हे कुठलं गणित?”

“वहिनी, तो आपल्या क्लबात नाही, दुसऱ्याच्या क्लबासमोर अकरावा आलाय. घरच्या तळ्यावर तिसरा-चौथा येत असेल. घरच्या तळ्यावर सगळेच शहाणे असतात. वारा कुठून वळतो, कुठल्या इमारतीमागे पडतो, कुठल्या कोपऱ्यात पाणी उथळ आहे, सगळं पाठ. आणि नंबरसुद्धा पाठ. पहिला कोण, दुसरा कोण, हे सकाळच्या चहालाच ठरलेलं असतं. बाहेरचे चार जण आले की ती उतरंड कोसळते. म्हणून तर एक क्लब दुसऱ्याला बोलावतो.”

वहिनींना हे पटलं नाही, पण त्यांनी भिंतीवरचं कोपर काढलंही नाही.

सुभेदारांचा या खेळाशी संबंध असा आला. लष्कराच्या इंजिनिअर दलाला पाण्याचं वेड जुनं आहे. पूल बांधायचे, तराफे टाकायचे, म्हणजे नदीशी रोजचं काम. त्यातून शिडाचा खेळ रुजला. १९८५ ते १९८७ मध्ये याच दलाच्या अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीला फेरी घातली. भारतीयांची ती पहिली. नौका मुंबईला परत आली तेव्हा युनिटात लाडू वाटले होते, असं सुभेदार सांगतात. त्यांची स्वतःची नेमणूक मात्र कधी शर्यतीच्या होडीत झाली नाही. ते बचावाच्या मोटारबोटीवर असायचे. उलटलेल्या होड्या सरळ करायच्या, भिजलेल्या साहेबांना वर ओढायचं. शर्यत बघायला याच्याहून चांगली जागा नाही, असं त्यांचं मत आहे. त्यांचं बोलणं ऐकल्यावर ते मलाही पटलं.

“आधी मला सांगा, ही शर्यत सुटते कशी?” मी विचारलं. “पाण्यावर चुन्याची रेघ तर मारता येत नाही.”

“रेघ असते, पण डोळ्यांनी धरायची. एका टोकाला पंचांची नांगरलेली बोट, दुसऱ्या टोकाला तरंगता बोया. त्या दोघांच्या मधून सरळ रेघ आहे असं मानायचं. पाच मिनिटं आधी बावटा चढतो, भोंगा वाजतो. चार मिनिटं राहिली की दुसरा बावटा. एक मिनिटाला तो उतरतो. शून्याला पहिला बावटा उतरला की सुटले.”

“म्हणजे रेघेवर येऊन थांबायचं,” वहिनी म्हणाल्या.

“तिथंच तर गंमत आहे! थांबणार कशा? होडीला ब्रेक नसतो. सगळ्या होड्या रेघेमागे घिरट्या घालतात, एकमेकींच्या अंगावरून जातात, ओरडाआरडा, शिडांची फडफड. पाचाची चार, चाराची तीन. ज्याला शून्याच्या ठोक्याला भरल्या शिडानं रेघ ओलांडता आली, तो अर्धी शर्यत तिथंच जिंकला. एक वीत आधी गेला की भोंगा. मागे फिरून पुन्हा रेघेतून यायचं. तोवर बाकीचे निघून गेलेले.”

मला शंकरपट आठवला. जोडी सुटायच्या आधी धुरकऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, बैल पुढे ओढतायत आणि हा त्यांना इंचभर मागे धरून ठेवतोय, ते हेच असणार. मी तसं म्हटलं तर सुभेदार म्हणाले, “बरोबर. फक्त इथे बैल दिसत नाही. वारा आहे तो.”

मग त्यांनी बादली पालथी घालून तिच्यावर बसकण मारली आणि विटेच्या तुकड्यानं फरशीवर आकृती काढली. शिडाच्या शर्यतीत पहिली धाव बहुधा वाऱ्याच्या तोंडावरच ठेवतात, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडेच जायचं. आणि शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांनी तिरकी जाते, मग वळते, मग दुसरीकडे तिरकी. नागमोडी चढत जायचं. डावीकडून चढायचं की उजवीकडून, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पाण्यावर काळसर सुरकुती दिसली की तिथं वाऱ्याची झुळूक आहे. ती आधी कुणाला दिसते, यावर नंबर लागतात. अंगात ताकद लागतेच, पण डोळे जास्त लागतात. त्यामुळे पासष्ट वर्षांचा माणूस पंचविशीतल्या पोराला हरवतो, असं दर शर्यतीत एकदा तरी घडतं. असे खेळ किती आहेत?

“आन् एकमेकांना धडकले तर?” वहिनींचा प्रश्न रास्त होता. त्या जिंतूर रोडवर स्कूटी चालवतात.

“नियम आहे. ज्याच्या उजव्या अंगावर वारा, त्याचा हक्क. डाव्या अंगावर वारा असलेल्यानं वाट द्यायची.”

“आन् न्हाई दिली तर? पंच शिट्टी मारतो?”

“पंच कुठं असतो तिथं, वहिनी! पंच बसलाय लांब, नांगरलेल्या बोटीवर, वेळा लिहीत. साध्या क्लबांच्या शर्यतीत चूक झाली की ज्याची चूक त्यानं आपली आपण शिक्षा घ्यायची. होडीसकट दोन पूर्ण गिरक्या मारायच्या आणि मग पुढे जायचं. नुसता बोयाला धक्का लागला तर एक गिरकी. कुणी बघितलं नसलं तरी मारायची.”

वहिनी गप्प झाल्या. मी त्यांच्या शेजारात बरीच वर्षं काढली आहेत, हे दृश्य दुर्मीळ आहे.

“कुणी बघितलं नसलं तरी?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“तरी. ज्याला वाटतं आपलं बरोबर होतं, तो गिरकी मारत नाही. मग समोरचा ‘प्रोटेस्ट’ म्हणून ओरडतो. संध्याकाळी काठावर सुनावणी. दोघं आपापलं म्हणणं मांडतात, टेबलावर खेळण्यातल्या होड्या ठेवून दाखवतात, साक्षीदार बोलवतात. निकाल लागला की दोघं एकाच टेबलावर जेवायला.”

“आमच्या वाटणीच्या भांडणाला असं टेबल पायजे होतं,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या माहेरच्या बांधाचं प्रकरण गल्लीला माहीत आहे, म्हणून त्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही.

तेवढ्यात नळाला हवा आली. हवा म्हणजे पाण्याच्या आधी येते ती. पाइप शिंकला, थांबला. आम्ही पुन्हा होडीकडे वळलो.

गुण मोजायची तऱ्हाही मला आवडली. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, अकराव्याला अकरा. दोन-तीन दिवसांत अनेक फेऱ्या होतात, त्यांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की प्रत्येकाची सगळ्यात वाईट एक फेरी सोडून देतात. वहिनी म्हणाल्या, कमी मार्कवाला पहिला आणि नापास झालेला पेपर धरायचाच नाही, अशी शाळा त्यांच्या धाकट्याला मिळाली असती तर तो आज कलेक्टर असता. मी त्याला दोन वर्षं गणित शिकवलं आहे. माझा या विधानाला पाठिंबा नाही.

त्याहून अजब म्हणजे, सगळ्या होड्या सारख्या नसल्या तरी शर्यत लावता येते. प्रत्येक प्रकारच्या होडीला तिच्या वेगाप्रमाणे एक आकडा ठरवून दिलेला असतो. पोर्ट्समथ आकडा म्हणतात त्याला. लागलेला वेळ त्या आकड्यानं भागून सुधारायचा. त्यामुळे जुनी, जड, संथ होडी सगळ्यात शेवटी आली तरी हिशेबानं पहिली ठरू शकते. हौशी क्लबांना हे सोयीचं पडतं. नवी होडी घ्यायची ऐपत सगळ्यांची नसते, आणि आजोबांच्या वेळची होडीही त्या दिवशी शेडमधून बाहेर निघते. मोठमोठ्या स्पर्धांत बहुधा सगळ्यांना एकाच साच्याच्या होड्या लागतात, तिथे ही मजा नाही.

“पण मिळतं काय?” वहिनी मूळ मुद्द्यावर आल्या. लग्नाच्या बोलणीत मूळ मुद्दा हाच असतो. “बक्षीस किती?”

“रोख काही नाही. फिरती ढाल. वर्षभर जिंकलेल्या क्लबाच्या कपाटात, पुढच्या वर्षी परत.”

“मग खर्च का करायचा?”

सुभेदारांनी याचं उत्तर लगेच दिलं नाही. मग जे सांगितलं ते असं. पाहुणा क्लब येतो तेव्हा आपल्या होड्या घेऊन येतोच असं नाही. कित्येकदा यजमान क्लबच आपल्या होड्या पाहुण्यांना देतो. आणि वाईट होडी पाहुण्याच्या गळ्यात मारली, असं कुणी म्हणू नये म्हणून प्रत्येक फेरीला होड्यांची अदलाबदल करतात. या फेरीत तू ज्या होडीत जिंकलास ती पुढच्या फेरीत मला. मग कळतं, जिंकलं कोण, होडी की माणूस. पाहुणे यजमानांच्या घरी उतरतात, पोरं सतरंजीवर झोपतात. कुणी तरी दिवसभर उन्हात पंचांच्या बोटीवर बसून वेळा लिहितं, कुणी तरी बोये टाकतं आणि वारा फिरला की उचलून दुसरीकडे टाकतं, कुणी तरी बचावाच्या बोटीवर बसतं. सगळे बिनपगारी. आज जो पंच तो उद्या स्पर्धक. “वहिनी, चौदातले तेरा हरणार हे सकाळीच माहीत असतं. तरी चौदाही येतात. कारण हरण्यासाठीसुद्धा चांगलं माणूस समोर लागतं. आपल्याच गल्लीत हरून काही शिकता येत नाही.”

माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. हौशी शर्यतीचा उपयोग जिंकणाऱ्याला फार नसतो, त्याला आपण चांगले आहोत हे आधीच ठाऊक असतं. उपयोग सहाव्याला, नवव्याला, अकराव्याला. वर्षातून एकदा त्याला परक्या पाण्यावर परक्या माणसाच्या मागून जाताना दिसतं, की अरे, हा शीड जरा ढिलं सोडतो, म्हणून पुढे जातो. ते तो घरी घेऊन येतो आणि पुढच्या रविवारी घरचा पहिला जरा घाबरतो. आपल्याकडे भजनी मंडळं दुसऱ्या गावच्या स्पर्धेला जातात ती याचसाठी जातात, फक्त तिथे सगळ्यांना आपणच पहिले यायला हवे होतो असं वाटतं.

“तरी पण साहेब लोकांचा खेळ,” वहिनी म्हणाल्या. “आपल्याला परवडणारा न्हाई.”

होता, हे खरं आहे. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. गेटवे ऑफ इंडिया उभं राहायच्या कितीतरी आधीचा. इंग्रजी अमलात तिथे देशी माणसाला सभासद म्हणून जागा नव्हती. पुण्याचा कॅनॉट बोट क्लबही त्याच साच्यातला. स्वातंत्र्यानंतर दारं उघडली, पण खेळ तरी मोजक्या घरांत आणि लष्कर-नौदलातच राहिला. १९८२ च्या एशियाडमध्ये बाकी खेळ दिल्लीत झाले तरी शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. त्यात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक आणलं. आमच्या शाळेत तेव्हा ‘आप्पू’ हत्तीचं चित्र लावलं होतं, पण हे पदक कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आता चित्र बदललंय, आणि ते समुद्रावर नाही, तळ्यांवर बदललंय. भोपाळला कुठला समुद्र? पण तिथल्या मोठ्या तलावावर शिडाची शाळा निघाली. तिथे शिकलेल्या नेहा ठाकूरनं हांगझोऊच्या एशियाडमध्ये २०२३ साली रौप्यपदक मिळवलं. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. हैदराबादेत २००९ साली सुहेम शेख यांनी यॉट क्लब ऑफ हैदराबाद काढला, त्याच हुसेनसागरावर. तिथे सरकारी शाळांतली, वस्त्यांतली पोरं होडी शिकतात आणि राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. तिथेच लष्कराच्या ईएमई दलाची सेलिंग संघटना आहे, सिकंदराबाद सेलिंग क्लब आहे. म्हणजे एकाच तळ्याच्या काठावर फौजी, नोकरदार आणि वस्तीतली मुलं. एका फेरीत कर्नलसाहेबाच्या उजवीकडून भाजीवाल्याची पोरगी आली तर वाट कर्नलनं द्यायची, कारण वारा कुणाच्या उजव्या अंगावर आहे एवढंच तिथे बघतात. हुसेनसागराच्या पाण्याला वास येतो, हे मी स्वतः नाकानं तपासलेलं आहे. त्या पाण्यात रविवारी पहाटे उठून उतरणाऱ्या माणसाचा छंद खरा असणार, एवढं तरी मान्य करावं लागेल.

“पोरींना घेतात का?” वहिनींचा सूर बदलला होता. आता चौकशी भाचीच्या बाजूनं सुरू झाली होती.

“घेतात म्हणजे? २०१८ च्या एशियाडला मुंबईची श्वेता शेरवेगार आणि चेन्नईची वर्षा गौतम, दोघींनी एका होडीत रौप्य मिळवलं,” मी म्हटलं. हे मला परवाच कळलं होतं, पण मी जुनं माहीत असल्यासारखं सांगितलं. सुभेदारांनी पुढे भर घातली, की दोघांच्या होडीत एक सुकाणू धरतो, दुसरा पुढचं शीड सांभाळतो आणि होडी कलली की अंग बाहेर टाकून तोल धरतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर ‘४७०’ नावाच्या होडीत एक पुरुष आणि एक बाई असाच नियम होता.

“नवरा-बायको बसतात?”

“पुष्कळ बसतात. आणि बचावबोटीवरून मला सगळ्यात जास्त आवाज त्यांचेच यायचे. सुकाणू कुणाच्या हातात, यावरनं.”

“त्यात इचारायचं काय,” वहिनी म्हणाल्या, आणि विषय तिथे संपला.

पाणी आलं. तिघांनी आपापले पाइप सारखे केले. हौद भरायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात वहिनींनी तो प्रश्न विचारला, जो मी कधीचा मनात घोळवत होतो. “आवो, मग आपल्या येलदरीवर का न्हाई हे? एवढं मोठं धरण नुसतं पडलंय.”

नुसतं पडलेलं नाही, पण मोठं आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचं येलदरी १९६८ सालचं. एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर, खाली साडेबावीस मेगावॉटचं वीजघर. आपला जिल्हा कोरडा म्हणून प्रसिद्ध असला तरी नकाशा काढून बघा. उत्तरेला येलदरी, सेलूकडे निम्न दुधना, गंगाखेडला मासोळी, आणि मधून गोदावरी. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनी कधी तरी हेही मोजावं.

सुभेदारांनी मात्र लगेच टाळी दिली नाही. अडचण त्यांनी अशी मांडली. शिडाला वारा लागतो आणि आपल्याकडे खरा वारा जून-जुलैत, पावसाच्या तोंडावर. पण तेव्हाच धरण सगळ्यात खाली असतं, काठ चिखलाचा, होडी उतरवायला जागा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात धरण भरतं, तेव्हा वारा मंदावतो. हैदराबादच्या तळ्यात पाणी कायम असतं, म्हणून त्यांना ऐन पावसाळ्यात शर्यती घेता येतात. मुंबईचं उलटं, तिथे पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून जूनपासून होड्या वर काढून ठेवतात आणि ऑक्टोबरात पुन्हा उतरवतात. “येलदरीचा हंगाम निघाला तर दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. वारा हलका. पण लहान मुलांना शिकायला हलकाच लागतो.” मुलांची होडी वेगळी असते, ऑप्टिमिस्ट नावाची. अमेरिकेत क्लार्क मिल्स नावाच्या माणसानं १९४७ साली काढली. लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, एक शीड, एक मूल. साध्या प्लायवूडची बनवता येईल अशी मुद्दाम आखलेली.

“आन् बुडलं एखादं लेकरू तर?”

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात हसण्यावारी नेता येत नाही. दर वर्षी गोदावरीत, तलावात, शेततळ्यात पोहायला गेलेली पोरं जातात. सुभेदार म्हणाले की म्हणूनच शिकवायचं. लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय होडीला हात लावू द्यायचा नाही, आणि बचावबोट पाण्यात असल्याशिवाय एकही शीड वर चढवायचं नाही. पहिल्या दिवशी होडी मुद्दाम उलटवायची आणि मुलाकडूनच सरळ करून घ्यायची. पाण्याची भीती घालवून पाण्याचा धाक शिकवायचा, हे काम क्लब करतो. नुसता ‘पोहण्यास मनाई’चा फलक ते करत नाही.

आणि पाण्यापासून लांबच्या पोरांना हे जमत नाही, असं मानायचं कारण नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवतो का? दुष्काळी गाव, विहिरी खोदायची कामं केलेला मुलगा. फौजेत गेला, पुण्यात वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तेरावा आला. तेरावा! तेव्हा महाराष्ट्रानं त्याला डोक्यावर घेतलं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की तेरावा म्हणजे काय विशेष. वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ऑलिंपिक वेगळं, गुरुजी.” वेगळं आहेच. पण तेराव्याला मान द्यायचा हे एकदा ठरलं, तर मग अकराव्याचा विचार करावा लागतो.

क्लब काढायला संगमरवरी इमारत लागत नाही, याचा दाखला सांगलीचा. कृष्णेवर तिथे होड्यांच्या शर्यती होतात, शिडाच्या नव्हे, वल्ह्यांच्या. सांगलीवाडीच्या, आसपासच्या गावांच्या पोरांचे बोट क्लब, रॉयल कृष्णा, तरुण मराठा अशी त्यांची नावं, आणि पुलावर बघ्यांची ही गर्दी. कुणी लाट साहेब नाही, सगळी नदीकाठची मंडळी. २०१९ च्या महापुरात होडी हाकता येणाऱ्या तिथल्या माणसांचा केवढा उपयोग झाला ते सगळ्यांनी बघितलं.

हौद भरला. वहिनींनी पाइप गुंडाळला आणि निकाल दिला. मुलाला दोन प्रश्न विचारायचे. पगाराचं झालंय, शेतीचं झालंय. पहिला, गिरकी कधी मारलीस का आणि कुणी बघत नव्हतं तेव्हा मारलीस का. दुसरा, भाचीला सुकाणू धरू देशील का.

“आन् अकराव्याचं?” मी विचारलं.

“त्याचं काय. ह्यांचा बारावीला नंबर कितवा होता ते मी कधी इचारलंय का?”

पुढे काय झालं ते मला विचारू नका, मी भिंतीच्या अलीकडचा माणूस. मात्र परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला जाणारे आपल्यात शेकडो आहेत. कुणी दवाखान्यासाठी, कुणी लग्नासाठी, कुणी मोत्यांसाठी जातं. पावसाळ्यात गेलात तर एखादी सकाळ हुसेनसागराच्या बांधावर, टँक बंडच्या कठड्याशी काढा. तिथे शर्यत चालू असेल तर बघायला तिकीट लागत नाही. आणि जिंतूर-सेलूकडे ज्या शाळांत, ज्या मंडळांत उत्साही मास्तर किंवा निवृत्त फौजी असतील, त्यांनी एकदा येलदरीच्या काठावर जाऊन दसऱ्यानंतर वारा कुठून येतो ते वहीत लिहून ठेवायला सुरुवात करावी. परवानग्या, होड्या, पैसे हे सगळं नंतरचं. आमचे सुभेदार यायला तयार आहेत, फक्त त्यांना बचावबोटीवरच बसवा.